'धीर' आणि 'संयम' यांत फरक काय?

तुम्ही विचारलंय की 'धीर' आणि 'संयम' एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का, आणि कोशात 'धीर'पुढे धैर्य, हिंमत, सबुरी असं सगळंच का दिलेलं असतं.

माझ्या मते नाही चालणार. सोबत येणारी क्रियापदं पाहा. संयम पाळायचा, राखायचा, बाळगायचा, आणि तोही ज्याचा त्याने. धीर मात्र देता येतो. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे आपण धीर द्यायलाच जातो. आयसीयूबाहेर बसलेल्या बाईला 'धीर सोडू नका' म्हणतो. तिलाच 'संयम ठेवा' म्हटलं तर दटावल्यासारखं होईल. एकाचा धीर दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, हे मला या शब्दातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

संयम राग, मोह, जीभ यांना आवरतो. जमाव खवळला की पोलीस संयमाचं आवाहन करतात. धीराची गाठ भीतीशी, दुःखाशी आणि वाट पाहण्याशी. म्हणूनच कोशात इतके अर्थ. 'निकाल लागेपर्यंत धीर धर' यात सबुरी आहे, 'बाबांना सांगायचा धीर होत नाही' यात हिंमत. 'सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि त्याचा धीर खचला', इथे उमेद. 'चार दिवस पाण्यात उतरल्यावर पोराचा धीर चेपला' म्हणजे भीती मोडली. गंमत अशी की 'अधीर' म्हणजे भित्रा नव्हे, उतावीळ. तिथे फक्त सबुरीचाच अर्थ उरलाय.

संस्कृतात 'धीर' हे मुख्यतः माणसाचं विशेषण. 'कुमारसंभवा'त तपाला बसलेला शंकर पार्वतीची सेवा स्वीकारतो, तिथे कालिदास म्हणतो की मन ढळवणारं कारण समोर असतानाही ज्यांचं चित्त ढळत नाही तेच धीर. हा अर्थ खरं तर आपल्या संयमाजवळचा. 'धीरगंभीर', 'धीरोदात्त' यांत तो अजून टिकून आहे. मराठीने मात्र विशेषणाचं नाम केलं, आणि मग तो धरता, सोडता, देता येऊ लागला.

बोलताना एक सांभाळा. रांगेतल्या अनोळखी माणसाला नुसतं 'धीर धरा' म्हणालात तर त्याला ते टोचू शकतं. तिथे 'जरा दमानं घ्या, होतंय' बरं.