"आधी बारीक होते, मग ड्रेस घेते"

लग्न ठरलेल्या मुली "माझ्या बॉडी शेपला कुठला ड्रेस सूट होईल" हे विचारायला माझ्यासारख्या समुपदेशकाकडे का येतात असं बऱ्याच जणांना वाटतं, ते काम डिझायनरचं ना. पण त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो, माझं शरीर नवरी व्हायच्या लायकीचं आहे का, आणि त्याला मापं घेऊन उत्तर मिळत नाही.

अशीच एक मुलगी आली होती (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). तिनं आल्या आल्या मोबाइल पुढे केला. ट्रायल रूममधले फोटो होते आणि प्रत्येक फोटोत दंडावर, पोटावर, मांड्यांवर तिनं स्वतःच लाल गोल काढलेले. मी फोटो पुढे सरकवत गेले, चेहऱ्यावर एकही गोल नव्हता पण चेहरा तिनं बघितलाच नव्हता. म्हणाली, "मॅडम, मी पेअर शेप आहे, मला काहीच चांगलं दिसत नाही, एक साइझ छोटा गाऊन घेऊन ठेवते, तोवर वजन उतरवते."

इथे मी तिला ठामपणे थांबवलं. छोटा गाऊन कपाटात टांगला की तो रोज टोमणे मारतो, आणि सैल कपडा टीप मारून आत घेणं सोपं, घट्ट सैल करायचा तर शिवणीत तेवढं मार्जिन लागतं, ते नसलं तर संपलं. शिवाय लग्नाच्या गाऊनचे साइझ नंबर पुष्कळदा रोजच्या कपड्यांपेक्षा एकदोनने मोठे येतात, तो नंबर बघूनच ती खचली होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि पेअर शेप म्हणजे काय, तर खांद्यांपेक्षा नितंब रुंद, बास. हे कापड बेतण्यापुरतं वर्णन आहे, त्यात पास-नापास काही नाही. कमरेपासून हळूहळू पसरत जाणारा ए-लाइन अशा बांध्यावर छान पडतो, व्ही गळ्यानं बघणाऱ्याची नजर वर चेहऱ्याकडे जाते, अंगाला चिकटणारं पातळ चकचकीत सॅटिन प्रत्येक वळी दाखवतं पण जरा जड क्रेप सरळ पडतं. मात्र तिला मर्मेड कटच (गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली पसरणारा) आवडला असता तर तोही घे म्हटलं असतं, हे नियम म्हणजे कुठून सुरुवात करायची एवढंच.

मग तिला पुढच्या ट्रायलसाठी एक काम दिलं. सोबत एकच माणूस, तेही तिच्या शरीरावर कधी न बोललेलं. गाऊन घातल्यावर आधी आरशाकडे पाठ करून बसायचं, दोन्ही हात वर करायचे, खोल श्वास घ्यायचा, सोबतच्या माणसाला मिठी मारायची, कुठे काचतंय का, गळा सारखा वर ओढावा लागतोय का ते बघायचं आणि मगच वळायचं. फोटो त्या दिवशी नाहीत. आरसा पहिला आला की आपण दोष शोधायला लागतो, अंगाला काय वाटतंय ते ऐकूच येत नाही.

तरी तिची धास्ती होतीच, सगळे माझे दंडच बघतील. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग छापला होता, त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. त्यांचा अंदाज, निम्म्या लोकांनी तरी शर्टवर कोण आहे ते पाहिलं असेल, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं. नवरीकडे सगळे बघतात हे खरंच आहे, ते मी नाकारलं नाही, पण आपण मनात मोठी करून ठेवलेली जागा त्यांना बहुतेक वेळा दिसतही नाही.

शेवटी तिनं ए-लाइनच घेतला, बाह्या मात्र नको म्हणाली, दंड उघडेच ठेवले. हा निर्णय सर्वस्वी तिचा, आणि मला मनापासून आवडला.

तुमच्या घरात कुणी नवरी असेल आणि ती जेवण टाळत असेल, खाल्ल्यावर उलटी काढत असेल किंवा तासन्‌तास आरशासमोर एकच जागा तपासत असेल तर ड्रेसची खरेदी थोडी बाजूला ठेवा आणि तिला आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या, लग्न होईपर्यंत थांबू नका.