हेडर बसवला, पण कन्व्हर्टर कुठे गेला?

प्रश्न : माझी तीन वर्षांची बीएस-६ पेट्रोल कार आहे. पिकअप वाढावा म्हणून एका ट्यूनिंग गॅरेजमधून स्टेनलेस स्टीलचा फोर-टू-वन हेडर (इंजिनातून निघणाऱ्या चार धूरनळ्या एकात आणणारा पाइप) बसवून घेतला. 'मागचा सायलेन्सर कंपनीचाच आहे, म्हणजे सगळं कायदेशीर,' असं गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. आठवडाभरात चेक इंजिनचा दिवा लागला. मग नाकाबंदीत बॉनेट उघडायला लावलं आणि कलम १८२-ए(४) व १९०(२) खाली ई-चलान झालं. पीयूसीची मुदत अजून संपलेली नाही. सर्व्हिस सेंटर आता ऑक्सिजन सेन्सरचीच काय, पॉवर विंडोच्या मोटरचीही वॉरंटी नाकारतंय. हेडरच्या जागी आधी असलेला कंपनीचा मॅनिफोल्ड 'भंगारात गेला' असं गॅरेजवाला म्हणतो. चलान भरू की लढू?

उत्तर : तुमच्या पत्रात एक शब्द कुठेच आलेला नाही, कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा विषारी धूर शुद्ध करणारा भाग. तो सध्या गाडीत आहे की नाही, हे ठरल्याशिवाय 'भरू की लढू'चं उत्तर देता येत नाही.

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तापल्याशिवाय तो काम करत नाही, म्हणून त्याला इंजिनाला चिकटून ठेवतात. मॅनिफोल्ड काढून हेडर लावला की कन्व्हर्टरही त्याच्यासोबत बाहेर पडतो. गॅरेजवाला म्हणाला 'सायलेन्सर कंपनीचाच', ते खरंच असेल. पण सायलेन्सर आवाज कमी करतो, धूर शुद्ध करत नाही. आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा आणि स्कॅनर लावा. पी०४२० हा कोड दिसला तर कन्व्हर्टर काम करत नाही असं गाडीचाच संगणक सांगतोय असं समजा. काही गाड्यांत कन्व्हर्टर खाली, वेगळ्या पाइपात असतो. तुमची तशी असेल आणि तो जागेवर असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर हेडर किंवा मॅनिफोल्डचा उल्लेख नसतो, हा युक्तिवाद तुमचा वकील करेल आणि तो अगदीच पोकळ नाही. पण आरसीवर उत्सर्जनाचा निकषही लिहिलेला असतो, तुमच्या बाबतीत भारत स्टेज ६. कन्व्हर्टर नसलेली गाडी त्या निकषाची राहिली, असं कोर्टात म्हणणं मला तरी जड जाईल. शिवाय उत्पादकाच्या मंजूर तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२-ए(४) आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या कलमाची वाटते. १९०(२) मध्ये आवाज आणि हवा प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत, आणि त्यांच्या जोडीला तीन महिने लायसन्स धारण करण्यास अपात्रता. लोक मोबाइलवर चलान उघडतात, रक्कम बघतात आणि भरून मोकळे होतात. लायसन्सचं काय होणार हे विचारतच नाहीत. दोन्ही कलमं कलम २०० खाली तडजोडयोग्य आहेत, म्हणजे राज्यानं ठरवलेली रक्कम भरून प्रकरण मिटू शकतं. मात्र भरण्याआधी लायसन्सवर काय नोंद होणार, हे आरटीओत लेखी विचारून घ्या.

'पीयूसी आहे ना' हा तुमचा मुद्दा मदतीचा आहे, पण तुम्हाला वाटतो तितका नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीच्या धुरातले मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि बीएस-६ पेट्रोल कारला त्याची मर्यादा किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम आहे. शिवाय तुमचं प्रमाणपत्र हेडर बसवण्याआधीचं असेल, तर ते आजच्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. तारीख बघा.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११६ प्रमाणे निदान उपनिरीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा मोटार वाहन निरीक्षकाला संशय आला, तर तो गाडी चाचणीला पाठवू शकतो. तुमच्या प्रकरणात कुठलीच चाचणी झाली नसेल आणि नुसतं बॉनेट उघडून बघून १९०(२) लावलं असेल, तर निकष मोडल्याचा पुरावा काय, हा प्रश्न रास्त आहे. पण लढायला उभं राहिलात आणि निरीक्षकानं तपासणीत रिकामा पाइप दाखवला, तर तुम्हीच ओढवून घेतलेली अडचण होईल. कलम ५३ खाली, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, नोंदणी निलंबितही करता येते.

म्हणून माझा सल्ला असा. कन्व्हर्टर खरंच गेला असेल, तर आधी कंपनीचा मॅनिफोल्ड परत बसवा, नवं पीयूसी काढा, मग १८२-ए ची तडजोड करा आणि १९०(२) पुरेशा पुराव्याअभावी वगळावं अशी मागणी लेखी नोंदवा. बदल काढण्याआधी तारखेसह फोटो घ्या आणि हेडर जपून ठेवा. गॅरेजविरुद्ध तो तुमचा पुरावा आहे. 'गाडीत काहीच बदल नव्हता' असं शपथपत्र मात्र कुणी सुचवलं तरी देऊ नका. ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावून, म्हणजे त्याला धुरापासून जरा दूर सरकवून, दिवा विझवण्याच्या फंदातही पडू नका. अशी जुगाडं मी फाइलवर पाहिली आहेत, आणि ती कधीच मालकाच्या बाजूनं बोलत नाहीत.

आता गॅरेजवाला. कायद्यानं मालक म्हणून तुम्ही जबाबदार आहात, पण तोही सुटत नाही. अधिनियमाच्या कलम २(८) मधल्या 'विक्रेता' या व्याख्येत वाहन दुरुस्ती करणाराही येतो, आणि १८२-ए(१) खाली नियमबाह्य पद्धतीनं वाहनात बदल करणाऱ्या विक्रेत्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटिशीत ही दोन कलमं एका ओळीत आली की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. जुना मॅनिफोल्ड तुमच्या मालकीचा होता. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात, त्यामुळे 'भंगारात गेला' म्हणजे बहुधा 'विकला'. परवानगीशिवाय विकला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधल्या विश्वासघाताचा प्रश्न उभा राहू शकतो. लगेच पोलीस ठाण्यात जाऊ नका. आधी नोटीस पाठवून भाग किंवा त्याची किंमत, हेडरचे पैसे आणि चलानाची भरपाई मागा. नाही दिलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 'कायदेशीर आहे' असं सांगून बेकायदा काम विकणं ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲपवरचं त्याचं बोलणं आत्ताच जपून ठेवा. बिलावर काम मोघम लिहिलं असेल तर हेच संभाषण कामी येईल.

वॉरंटीचं उत्तर दोन भागांत आहे. ऑक्सिजन सेन्सर, इंजिन, एक्झॉस्ट यांबाबत कंपनीचं नाकारणं टिकण्याची शक्यता मोठी. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये बदलामुळे वॉरंटी रद्द न मानण्याचं परंतुक आलं, पण ते केंद्र सरकारनं ठरवून दिलेल्या, मान्य बदलांपुरतं आहे. तुमचा बदल त्यात बसत नाही. पॉवर विंडोची मोटर मात्र हेडरमुळे कशी बिघडली, हे त्यांनी सांगायला हवं. नकार लेखी मागा, कारणासकट. बहुतेक वेळा लेखी द्यायची वेळ आली की मोटर बदलून मिळते.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. तुमच्या गाडीनं तिसऱ्याचं नुकसान झालं, तर विमा कंपनीला कलम १५० मधल्या मोजक्या कारणांखेरीज हात वर करता येत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. न कळवलेला बदल आणि इंजिनापाशी लागलेली आग एकत्र आली, तर दावा नाकारला जाण्याची भीती खरी आहे. हेडर ओतीव लोखंडी मॅनिफोल्डपेक्षा पातळ असतो आणि त्याच्यावर कंपनीचं उष्णतारोधक कवच उरत नाही. नियम ११३ एक्झॉस्ट पाइप आणि इंधनाची नळी यांत ३५ मिलिमीटर अंतर मागतो. लिफ्टवर घ्याल तेव्हा पट्टी लावून तेही मोजून घ्या, कारण मॅनिफोल्ड परत मिळेपर्यंत काही आठवडे जातील आणि तोवर गाडी याच हेडरवर असेल. शक्यतो ती तोवर चालवूच नका.