चाळकेवाडीच्या पवनचक्कीच्या पात्यालगतचा हवेचा गुळगुळीत थर बाहेरच्या वाऱ्यामुळे कसा बिघडतो?

वारा धक्का देऊन थर मोडत नाही. त्यातली बारीक खळबळ किंवा आवाज थरात शिरून लाट बनते आणि पुढे सरकताना वाढत जाते. अडचण मापाची: बाहेरून येणारी आवाजाची लाट लांब, थरातली आखूड. दोघींची गाठ पडते ती पात्याच्या पुढच्या कडेला, किंवा जिथे पाते खडबडीत असते तिथे. कडेवर वाळलेला एखादा चिलटाचा ठिपकाही पुरतो! शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड या शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत, मुद्दाम शांत केलेल्या वातबोगद्यात (हवा सोडून चाचणी करायच्या बोगद्यात) या लाटा मोजून दाखवल्या. मात्र वाऱ्यातली खळबळ त्याच्या वेगाच्या साधारण एक टक्क्याच्या वर गेली, की लाटांची पायरी बहुधा गाळलीच जाते. थरात लांबट पट्टे उठतात आणि तेच फुटतात.