रेषीय बीजगणिताचा अभ्यास : वेळ कुठे द्यावा, कुठे वाचवावा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पहिला प्रश्न सर्वांत व्यापक असल्याने त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची पदवीधर असून पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात नोकरी करते. मशीन लर्निंगकडे वळायचे, तर रेषीय बीजगणित पक्के हवे, म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा १८.०६ या क्रमांकाचा, विनामूल्य उपलब्ध असलेला अभ्यासक्रम घरी सुरू केला. एकूण ३४ व्याख्याने आहेत. आठवड्याला तीन पाहिली, तर तीन महिन्यांत अभ्यासक्रम संपेल, असा माझा हिशेब होता. पहिली पाच व्याख्याने सहज झाली. सहाव्यापासून मात्र पाहताना सगळे समजते आणि सरावसंच उघडला, की पहिली ओळही सुचत नाही. दहा व्याख्याने झाली आहेत. रोज साधारण एक तास मिळतो. मागे जाऊ, की तसेच पुढे रेटू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मागे जा, पण पहिल्या व्याख्यानापर्यंत नाही, सहाव्यापर्यंत गेलात तरी पुरे. त्याआधी तुमचा मूळ हिशेब तपासला पाहिजे, कारण तुमची अडचण बुद्धीची नसून वेळापत्रकाची आहे.

एमआयटीमध्ये हा विषय आठवड्याला बारा तासांचा धरला जातो. त्यांपैकी चार तास वर्गातले, म्हणजे व्याख्याने आणि उदाहरणे सोडवून घेण्याचा तास मिळून, आणि उरलेले आठ तास विद्यार्थ्याने स्वतः बसून करायच्या कामाचे असतात. सत्र साधारण चौदा आठवड्यांचे धरले, तर एकूण १६८ तास होतात. तुम्हाला आठवड्याला सात तास मिळतात, म्हणजे हेच काम प्रामाणिकपणे करायला २४ आठवडे लागणार. तीन महिन्यांचा हिशेब फक्त व्याख्याने पाहण्याचा होता; कामाचा दोन तृतीयांश भाग त्यात धरलेलाच नव्हता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अनेकांची गाडी याच ठिकाणी रुतते आणि ते 'आपल्याला गणित जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढून मोकळे होतात, याचे फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट अशी, की ही ३४ व्याख्याने सारख्या वजनाची नाहीत. पहिल्या पाचांत समीकरणांतून एकेका चलाचा लोप करणे, मॅट्रिक्सचा गुणाकार, व्यस्त मॅट्रिक्स असे विषय येतात. यांतले बरेचसे तुम्ही महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या प्रकरणात आणि पुढे बारावीच्या मॅट्रिक्सच्या प्रकरणात हाताळलेले आहे. तिथे प्रश्न एकच असतो : उत्तर काय? सहाव्या व्याख्यानापासून प्रश्नच बदलतो. उजव्या बाजूला कोणते सदिश (म्हणजे क्रमाने लिहिलेल्या संख्यांचे गट) ठेवले तर उत्तर मिळते, कोणते ठेवले तर मिळत नाही, आणि मिळाले तर ते एकच असते की अनेक, हे विचारले जाते. संख्यांऐवजी सदिशांच्या संपूर्ण संचाविषयी बोलणे सुरू होते. सहा ते दहा ही पाच व्याख्याने म्हणजे साऱ्या अभ्यासक्रमाचा कणा आहे. त्यांना पाच आठवडे देऊनही कमी पडतील. तुमच्या योजनेत मी सहा आठवडे ठेवेन.

या सहा आठवड्यांत काय करायचे, ते एका उदाहरणावरून दाखवतो. कागदावर तीन ओळी आणि तीन स्तंभांची ही मॅट्रिक्स लिहा : पहिली ओळ १, २, १, दुसरी २, ४, ३, तिसरी ३, ६, ४. एक पूर्ण संध्याकाळ फक्त हिच्यासाठी ठेवा आणि व्याख्यान लावू नका. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा केली, की दोन्हीकडे ०, ०, १ उरते. तिसरीतून दुसरी वजा केली, की तिसरी ओळ पूर्ण शून्य होते. उरलेल्या ओळीतल्या पहिल्या शून्येतर संख्येला पिव्होट म्हणतात आणि पिव्होटांच्या संख्येला रँक; इथे पिव्होट दोन, म्हणून रँक दोन. इथपर्यंत यंत्रवत काम झाले, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच वही मिटतात. खरे प्रश्न यापुढे आहेत. दुसऱ्या स्तंभात पिव्होट का आला नाही? कारण तो पहिल्या स्तंभाची दुप्पट आहे. मग या मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य देणारा सदिश कोणता? (−२, १, ०) आणि त्याच्या सर्व पटी, म्हणजे मूळबिंदूतून जाणारी एक रेषा, हीच नलस्पेस. स्तंभांच्या बेरजा-पटींतून कोणकोणते सदिश तयार होतात? (१, २, ३) आणि (१, ३, ४) यांनी तयार होणारे प्रतल. ही कॉलम स्पेस. या दोन्ही सदिशांत तिसरी संख्या पहिल्या दोघींची बेरीज आहे, हे लक्षात आले, की उजव्या बाजूची परीक्षाच हाती लागते. (२, ५, ७) साठी उत्तर आहे, कारण २ आणि ५ मिळून ७ होतात. (१, ०, ०) साठी उत्तर नाही. आणि (२, ५, ७) साठी उत्तर एकच नाही : (१, ०, १) हे एक उत्तर घ्या, त्यात (−२, १, ०) ची कोणतीही पट मिळवा, ते नवे उत्तर होते. पडताळून पाहा.

ही सगळी वाक्ये समोर काहीही न ठेवता, पूर्ण वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहिता आली, की त्या मॅट्रिक्सचे काम झाले असे समजावे. मग स्वतः दुसरी मॅट्रिक्स रचा. तीन ओळी आणि चार स्तंभांची घ्या, आणि एक स्तंभ मुद्दाम इतर दोघांच्या बेरजेइतका ठेवा. अशा रचलेल्या मॅट्रिक्सची उत्तरे आधीच माहीत असतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच सापडते. विषयाची पकड अशा कामातून येते, आणि तुमच्या आठवड्याच्या सात तासांपैकी निदान चार तास याच कामाचे असावेत.

आता पुढची वाटणी. पहिल्या पाच व्याख्यानांना तीन आठवडे दिलेले असतील, तर सहा ते दहा धरून नऊ होतात. दहाव्या आठवड्यात नवे काहीही नको. अभ्यासक्रमासोबत जुन्या चाचण्या उत्तरांसह दिलेल्या आहेत; पहिली चाचणी घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवा. अकरावे आणि बारावे व्याख्यान तूर्त बाजूला ठेवले तरी चालेल, मात्र विद्युत परिपथांची आवड असेल, तर बारावे अवश्य पाहा. चौदा ते सतरा, म्हणजे लंब सदिश, प्रक्षेप आणि लघुतम वर्ग, यांना चार आठवडे हवेत, कारण मशीन लर्निंगमधल्या रेषीय प्रतिगमनाचा, म्हणजे बिंदूंजवळून सर्वांत चांगली रेषा बसवण्याच्या पद्धतीचा, पाया नेमका इथे घातला जातो. (०, १), (१, ३) आणि (२, ४) या तीन बिंदूंजवळून जाणारी सर्वांत चांगली रेषा हाताने काढा. उतार ३/२ आणि उभ्या अक्षावरचा छेद ७/६ येईल. चुका −१/६, १/३ आणि −१/६ अशा येतील आणि त्यांची बेरीज शून्य भरेल. ही बेरीज शून्यच का येते, याचे उत्तर देता आले, तर प्रक्षेप समजला.

निश्चयकांवरची अठरा ते वीस ही तीन व्याख्याने एका आठवड्यात उरकावीत. क्रेमरची पद्धत तुम्ही दहावीत केली आहे. मोठ्या समीकरणसंचांसाठी ती कोणी वापरत नाही. निश्चयकाचे गुणधर्म आणि त्याचा क्षेत्रफळाशी, घनफळाशी असलेला संबंध एवढे लक्षात ठेवून पुढे जावे. एकविसाव्या व्याख्यानापासून आयगेनव्हॅल्यू सुरू होतात आणि तिथे पुन्हा वेग कमी करावा लागतो. एकवीस आणि बावीस या दोनच व्याख्यानांना तीन आठवडे द्या. सुरुवात २, १ आणि १, २ अशा ओळींच्या छोट्या मॅट्रिक्सपासून करा. (१, १) ला तिने गुणले, की (३, ३) मिळते. (१, −१) ला गुणले, तर तो जसाच्या तसा परत येतो. सदिश त्याच रेषेत राहून जितक्या पट होतो, ती संख्या म्हणजे आयगेनव्हॅल्यू; इथे त्या ३ आणि १. सूत्र मांडण्यापूर्वी हे डोळ्यांनी दिसले पाहिजे. इथपर्यंत अठरा आठवडे होतात. एकोणिसावा दुसऱ्या चाचणीसाठी आणि राहिलेल्या कामासाठी मोकळा ठेवा. मग पंचवीस आणि सत्तावीस या व्याख्यानांना मिळून दोन, एकोणतिसाव्याला एक, तीस आणि एकतीस यांना मिळून एक, आणि शेवटचा आठवडा अंतिम परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेला. एकोणतिसावे व्याख्यान सिंग्युलर व्हॅल्यूंचे आहे. विदाविज्ञानात त्याचा उपयोग सतत होतो, म्हणून थकवा आला तरी ते गाळू नका. तेविसावे, सव्विसावे आणि अठ्ठाविसावे मात्र पहिल्या फेरीत निःशंकपणे गाळा.

प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या या व्याख्यानांचे चित्रीकरण १९९९ सालचे आहे, म्हणून ती जुनी झाली असतील अशी शंका घेऊ नये. ते २०२३ मध्ये निवृत्त झाले, पण फळ्यावर एकेक उदाहरण हाताने सोडवत नेण्याची त्यांची रीत नवशिक्याला आजही तितकीच उपयोगी पडते. त्या रीतीचा एक धोकाही आहे : त्यांना इतके सहज जमताना पाहून आपल्यालाही जमले असे वाटते. म्हणून ते उदाहरण मांडून होताच व्याख्यान थांबवावे, स्वतः सोडवावे आणि मग पुढे पाहावे. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाला यामुळे दोन बैठका लागतील. लागू द्या.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रेषीय बीजगणिताच्या पेपरला पाच आठवडे उरले आहेत. उदाहरणे बऱ्यापैकी येतात, प्रमेयांच्या सिद्धता मात्र पाठ करतो आणि आठ दिवसांत विसरतो. वेळ कसा वाटावा? (एक विद्यार्थी, वाई)

उत्तर : सिद्धता विसरतात, कारण तुम्ही त्या उदाहरणांपासून वेगळ्या करून वाचता. पहिला आठवडा केवळ व्याख्यांना द्या. प्रत्येक व्याख्येसमोर तिच्यात बसणारे एक आणि न बसणारे एक उदाहरण लिहा. वरच्या उत्तरातच दोन्ही आहेत : (−२, १, ०) च्या सर्व पटींचा संच हा उपसदिशावकाश (बेरीज आणि पट घेतल्यावरही ज्याच्याबाहेर जाता येत नाही असा सदिशांचा संच) आहे, पण (२, ५, ७) साठी मिळालेल्या उत्तरांचा संच नाही, कारण त्यात शून्य सदिशच नाही.

पुढचे तीन आठवडे एक दिवस सिद्धता आणि एक दिवस उदाहरणे असा क्रम ठेवा, आणि प्रत्येक सिद्धता एका ठोस मॅट्रिक्सवर चालवून पाहा. रँक आणि नलिटी (नलस्पेस किती मितींची आहे ती संख्या) यांची बेरीज स्तंभांच्या संख्येइतकी असते, हे प्रमेय घ्या. सिद्धतेची सुरुवात अशी होते, की नलस्पेसची बेसिस, म्हणजे ज्यांच्या बेरजा-पटींतून तिच्यातले सर्व सदिश मिळतात असे कमीत कमी सदिश, घ्यावी आणि ती वाढवून संपूर्ण अवकाशाची बेसिस करावी. वरच्याच मॅट्रिक्ससाठी नलस्पेसच्या बेसिसमध्ये (−२, १, ०) हा एकच सदिश आहे. तिच्यात (१, ०, ०) आणि (०, ०, १) मिळवा, बेसिस पूर्ण झाली. मिळवलेल्या या दोघांना मॅट्रिक्सने गुणले, तर (१, २, ३) आणि (१, ३, ४) येतात, आणि हीच कॉलम स्पेसची बेसिस आहे. एक अधिक दोन बरोबर तीन. सिद्धतेतली प्रत्येक ओळ या पाच सदिशांविषयी काय सांगते, ते समासात लिहा; मग पाठांतराची गरज उरत नाही, कारण पुढची पायरी काय असणार, ते तुम्हाला दिसत राहते. पाचव्या आठवड्यात विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवा आणि त्या काळात नवी सिद्धता हाती घेऊ नका.

प्रश्न : पायथन या संगणकभाषेतल्या न्यूमपाय या गणिती साधनाने सगळी उत्तरे क्षणात मिळतात. मग हाताने आकडेमोड करण्यात वेळ घालवावा का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तीन ओळी आणि तीन स्तंभांपर्यंतची उदाहरणे न चुकता सुटू लागेपर्यंत हातानेच करावीत, त्यानंतर न्यूमपाय अवश्य वापरावे, पण पडताळ्यासाठी. त्याची उत्तरे वाचायलाही विषय यावा लागतो. वर आलेल्या २, १ आणि १, २ च्या मॅट्रिक्सचा (१, १) हा आयगेनव्हेक्टर न्यूमपाय ०.७०७१, ०.७०७१ असा किंवा दोन्ही चिन्हे उलट करून दाखवते, कारण ते प्रत्येक आयगेनव्हेक्टरची लांबी १ करून देते. दिशा तीच असते. त्याचप्रमाणे, ज्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य असायला हवा, तिच्यासाठी कधी कधी शून्याऐवजी दशांशचिन्हानंतर पंधरा-सोळा शून्ये असलेली एखादी सूक्ष्म संख्या येते. ती पूर्णांकनाची चूक असते, आणि ती पाहून मॅट्रिक्स व्यस्त करता येते असे समजू नये. अशा वेळी निश्चयकावर विसंबण्याऐवजी रँक काढून पाहावी.