जेलीफिन की प्लेक्स?

प्रश्न : वडिलांच्या कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी हार्डडिस्कवर उतरवल्यात. घरच्या टीव्हीवर आणि पुण्यात मुलीलाही दिसाव्यात. प्लेक्स घेऊ की फुकटचं जेलीफिन? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : काका, दोन्ही आपल्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवणारी सॉफ्टवेअरं. घरापुरतं तर डोळे झाकून जेलीफिन. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड सर्वांसाठी खुला ठेवणं बंद केलं तेव्हा, २०१८ मध्ये, त्यातून हे वेगळं निघालं. वर्गणी नाही. माझ्याकडे पंचवटीत जुन्या लॅपटॉपवर चालतं. खाली दोन लाकडी ठोकळे सरकवलेत, नाहीतर एप्रिलात तवा होतो. खरी अडचण पुण्याची. जेलीफिनसाठी व्हीपीएनची, म्हणजे दोन घरांतली यंत्रं इंटरनेटवरून खासगीपणे जोडण्याची, खटपट स्वतः करावी लागते. प्लेक्समध्ये ते सोपं, पण २०२५ पासून घराबाहेर आपलेच व्हिडिओ पाहायला पैसे मोजावे लागतात. जावई खटपट्या असेल, तर व्हीपीएन त्याच्याकडूनच बसवून घ्या.