अरबी शिकून पोट भरेल का?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अरब देश आणि इस्रायल यांचे संबंध सुरळीत करण्याच्या कामात तिला पडायचंय, आणि तुम्ही विचारता, 'याला नोकरी म्हणतात का? की बी.एड.च बरं?'

नोकरी आहे. फक्त ती फोटोत दिसत नाही. 15 सप्टेंबर 2020 ला व्हाइट हाउसमध्ये संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इस्रायलने संबंध जोडण्याच्या करारांवर सह्या केल्या, तो फोटो तिच्या मोबाइलमध्ये असणारच. सह्यांना एक दुपार पुरते. मग व्हिसा, विमानसेवा, कर, जकात यांचे कागद वर्षानुवर्षं चालतात.

ताबा नावाच्या ठिकाणाचंच घ्या. इजिप्त आणि इस्रायलचा शांतता करार 1979 चा. तरी लाल समुद्राकाठचा जेमतेम चौरस किलोमीटरचा हा तुकडा दहा वर्षं अडकून पडला. भांडण कशावर? हद्दीचे जुने खांब नेमके कुठे होते यावर! लवादापुढे नकाशे आणि जुने फोटो पसरले गेले, 1988 मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी जागा परत मिळाली. बांधावरून भावकीत लागलेली मोजणी तुम्ही पाहिली असेल, तर वेगळं सांगायला नको. तिथे कामी आले ते नकाशे वाचणारे आणि कायदा जाणणारे.

म्हणून नुसतं राज्यशास्त्र पुरणार नाही. अरबी आत्ताच सुरू करू दे. मुंबई विद्यापीठात आणि दिल्लीच्या जेएनयूत सोय आहे. पुस्तकी अरबी आणि कैरोच्या रस्त्यावरची अरबी यांत बरंच अंतर आहे, हे आधीच सांगून ठेवा. जोडीला कायदा किंवा पाणी, यांपैकी एक विषय पक्का हवा. पाणी म्हणतो, कारण जॉर्डनने इस्रायलला सौरवीज द्यायची आणि बदल्यात गोडं केलेलं समुद्राचं पाणी घ्यायचं, असं 2021 मध्ये ठरत आलं होतं. गाझाचं युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये जॉर्डनने सही करायला नकार दिला.

आता थोडं कडू. इस्रायलशी संबंध सुरळीत करण्याला अरबीत 'ततबी' म्हणतात आणि कैरो-अम्मानमध्ये अनेकांच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा येतो. 2002 च्या बैरूत परिषदेत अरब देशांनी इस्रायलपुढे 'आधी व्यापलेली जमीन सोडा, पॅलेस्टाइनचं राज्य होऊ द्या, मग संबंध', असा क्रम मांडला होता. 2020 च्या करारांनी तो उलटला, हा त्यांचा राग आहे. हा राग समजून न घेता नुसत्या उत्साहाने गेलेल्या माणसाचा तिथे काडीचा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत.

परराष्ट्र सेवेची परीक्षा ती देईलच. निवड झाली तर एक परदेशी भाषा शिकावीच लागते, अरबी त्यांतलीच एक. नाही झाली तरी हात रिकामे राहत नाहीत. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आखातातून रुग्ण येतात, त्यांना दुभाषे लागतात. बी.एड.चा फॉर्म पुढच्या वर्षीही निघेल.