टायरमधली हवा दुपारी वाढते कशी?

प्रश्न: मी घाटकोपरला राहते. सकाळी स्कूटीच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा होती, दुपारी उन्हात उभी केल्यावर चेक केली तर ३४ दाखवतंय. कोणी भरली नाही मग वाढली कुठून? आणि हे हवेचे कण थकून खाली बसत नाहीत का?

उत्तर: ताई, हवा वाढली नाही, कण तेवढेच आहेत, त्यांचा वेग वाढलाय. नायट्रोजन-ऑक्सिजनचे कण एरवीसुद्धा सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने पळत असतात, पण सरळ लांब जायला मिळतच नाही, लगेच दुसऱ्या कणावर आपटतात, दिशा बदलते, परत आपटतात, एकेक कण सेकंदाला काही अब्ज वेळा! रबराला आतून जे हे धडकणं चालू असतं ना तेच प्रेशर, आणि ही गोष्ट स्विस गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने १७३८ सालीच मांडली होती, मला याचं फार अप्रूप वाटतं. टायर २७ डिग्रीवरून ५७ पर्यंत तापला की धडका जोरात आणि जास्त वेळा बसतात, म्हणून ३० चे ३४.

थकण्याचं म्हणाल तर, चेंडू थांबतो कारण त्याची एनर्जी उष्णता होऊन जाते, आणि उष्णता म्हणजे कणांचीच हालचाल. टकरीत एकाने गमावलं ते दुसऱ्याला मिळतं, एकूण तेवढंच राहतं. गुरुत्वाकर्षण खाली ओढतंच, पण एवढ्या वेगापुढे टायरभर उंचीत ते जाणवत नाही.

आणि प्लीज, दुपारी जास्त दिसतंय म्हणून हवा सोडू नका, सकाळी थंड टायरवरच चेक करा.